महाविद्यालयीन विद्यार्थी आणि डेबिट कार्ड

डेबिट कार्ड हे बँकेतील बचत किंवा चालू खात्याशी जोडलेले कार्ड असून त्याच्या साहाय्याने खातेदाराला स्वतःच्या खात्यातील रक्कम एटीएममधून काढता येते, तसेच दुकानात अथवा आंतरजालावर केलेल्या खरेदीचे पैसे चुकते करता येतात. क्रेडिट कार्डात बँक प्रथम उसने पैसे देते व नंतर वसूल करते. डेबिट कार्डात मात्र रक्कम खात्यातून त्याच क्षणी वजा होते. शिक्षणासाठी घर सोडून पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांत राहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे कार्ड बँकव्यवहाराची पहिली ओळख ठरते. घरून येणारे पैसे, शासकीय शिष्यवृत्ती आणि अर्धवेळ कामाचा मोबदला हे सर्व एकाच खात्यात जमा होत असल्याने कार्डाचा उपयोग जितका मोठा, तितकाच त्यातील हलगर्जीपणाचा फटकाही मोठा असतो.

== स्वरूप ==

भारतातील डेबिट कार्डावर सामान्यतः सोळा अंकी क्रमांक, मुदत संपण्याचा महिना व वर्ष आणि तीन अंकी सीव्हीव्ही असतो. क्रमांकातील सुरुवातीचे अंक कार्ड देणाऱ्या बँकेची ओळख सांगतात, तर शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. त्यामुळे क्रमांक टंकताना एखादा अंक चुकल्यास संगणकाला ते तत्काळ कळते. कार्डावरील सोनेरी चकती म्हणजे ईएमव्ही चिप होय. पूर्वी केवळ मागील बाजूच्या चुंबकीय पट्टीवर माहिती साठवली जाई व तिची नक्कल करणे सोपे होते. म्हणून भारतीय रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत जुनी कार्डे बदलून चिप असलेली कार्डे देण्याचे आदेश बँकांना दिले होते.

चार अंकी पिन हा खातेदाराच्या संमतीचा पुरावा मानला जातो. इ.स. १९६७ मध्ये लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेने बसवलेल्या पहिल्या रोकडयंत्राचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. पिन सहा अंकी ठेवण्याचा त्यांचा विचार होता. परंतु पत्नीला चारच अंक लक्षात राहतात असे दिसल्याने तो चार अंकी झाला, अशी हकिकत सांगितली जाते. जन्मवर्ष, मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार अंक किंवा १२३४ असा पिन ठेवणे म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून ठेवण्यासारखे होय. वसतिगृहात तर एकमेकांचे वाढदिवस सर्वांनाच ठाऊक असतात.

== भारतातील वाटचाल ==

भारतातील पहिले एटीएम इ.स. १९८७ मध्ये एचएसबीसी बँकेने मुंबईत सुरू केले. प्रारंभी कार्डाचा उपयोग फक्त रोकड काढण्यापुरता होता. व्हिसा व मास्टरकार्ड या परदेशी जाळ्यांना भारतीय पर्याय म्हणून मुंबईस्थित भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने इ.स. २०१२ मध्ये रुपे कार्ड आणले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाल्यानंतर ते खेड्यापाड्यांत पोहोचले. यानंतर दोनच वर्षांनी, इ.स. २०१६ मध्ये, यूपीआय आले आणि दुकानातील डेबिट कार्डाचे महत्त्व ओसरू लागले. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती कार्ड येते ते या दोन्ही टप्प्यांनंतर. त्यामुळे त्याच्या फायद्या-तोट्यांचा विचार केवळ रोख रकमेशी तुलना करून पुरा होत नाही.

== खाते आणि कार्डाची निवड ==

कार्डाचे गुणदोष बऱ्याच अंशी ते कोणत्या खात्यावर दिले आहे यावर ठरतात. दहा वर्षांवरील अज्ञान व्यक्तींना स्वतंत्रपणे बचत खाते उघडून चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने इ.स. २०१४ मध्ये बँकांना दिली. त्यामुळे अकरावीतील विद्यार्थ्यालाही, बँकेच्या धोरणानुसार मर्यादा घालून, कार्ड मिळू शकते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अशा खात्याची कागदपत्रे व सही नव्याने द्यावी लागते. बारावीनंतर गाव सोडण्याच्या गडबडीत हे काम राहून जाते आणि प्रवेशाचे शुल्क भरण्याच्या दिवशी व्यवहार अडतो.

ज्याच्या खात्यात महिनाअखेरीस फारसे काही उरत नाही, अशा विद्यार्थ्याला मूलभूत बचत ठेव खाते सोयीचे असते. त्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते, एटीएम-डेबिट कार्डासाठी वार्षिक शुल्क घेतले जात नाही आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. मात्र हे खाते असताना त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. बँकेच्या खिडकीवर या खात्याची माहिती आपणहून दिली जाईलच असे नाही. ते नाव घेऊन मागावे लागते. नेहमीच्या बचत खात्यांबाबतही परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. भारतीय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलचा दंड रद्द केला आणि इ.स. २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक व बँक ऑफ बडोदा यांनीही तसेच निर्णय घेतले. अनेक खासगी बँकांत ही अट अद्याप आहे.

महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळणारी शिष्यवृत्ती, तसेच भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतील किंवा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेतील रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. शिष्यवृत्ती जमा होण्यास विलंब होणे नवे नाही; तोपर्यंत खाते रिकामे पडून राहते. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते बँका निष्क्रिय ठरवतात. तथापि, शासकीय योजनांच्या व शिष्यवृत्तीच्या लाभार्थ्यांसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना हा नियम लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सांगितले. निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड आकारण्यासही त्याच परिपत्रकाने मनाई केली.

== उपयोग ==

डेबिट कार्डाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या मर्यादेतच आहे. खात्यात जेवढे आहे तेवढेच खर्च होते. क्रेडिट कार्डावरील थकबाकीला वर्षाला तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज लागू शकते; डेबिट कार्डात कर्जच नसल्याने व्याजाचा प्रश्न येत नाही. नियमित उत्पन्न नसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. याची दुसरी बाजू अशी की, डेबिट कार्ड कितीही शिस्तीने वापरले तरी त्याची नोंद पतमापन संस्थांकडे जात नाही. पुढे गृहकर्ज वा वाहनकर्ज घेताना त्या शिस्तीचा उपयोग होत नाही. केवळ या कारणासाठी विद्यार्थिदशेत क्रेडिट कार्ड घ्यावे असा सल्ला काही जण देतात. परंतु मुदतीत फेडलेले शैक्षणिक कर्जही पतइतिहास घडवतेच, हे त्या सल्ल्यात बहुधा सांगितले जात नाही.

रोकड जवळ बाळगावी लागत नाही, हा दुसरा लाभ. सत्राचे शुल्क घेऊन रात्रीच्या एसटीने प्रवास करण्याची पाळी आता क्वचितच येते. चार-पाच जण एका खोलीत राहत असताना गादीखाली वा पेटीत ठेवलेल्या पैशांवरून होणारे संशय आणि भांडणेही टळतात. घरच्यांनी गावातील शाखेत भरलेले पैसे विद्यार्थ्याला शहरात लगेच मिळतात. प्रत्येक व्यवहाराची नोंद खातेपुस्तकात राहते, त्यामुळे खानावळ, झेरॉक्स व पुस्तके यांवर किती गेले हे पाहता येते. अर्थात, एटीएममधून एकदम काढलेल्या दोन हजारांचे पुढे काय झाले हे खातेपुस्तक सांगत नाही. ती नोंद वहीतच ठेवावी लागते.

जनधन खात्यावरील रुपे कार्डासोबत अपघात विमा मिळतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी त्याची रक्कम दोन लाख रुपये आहे. अपघातापूर्वीच्या ठरावीक दिवसांत कार्डाचा वापर झालेला असणे ही त्याची महत्त्वाची अट होय. कपाटात पडून असलेल्या कार्डावर विमा आहे, या समजुतीत राहणाऱ्या कुटुंबाला दावा करतेवेळी ही अट कळते.

== शुल्के ==

कार्डाचे तोटे बहुधा लहान लहान आकारणीच्या रूपाने येतात. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्यातून पाच व्यवहार विनाशुल्क असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू व हैदराबाद या सहा महानगरांत तीन, तर अन्यत्र पाच व्यवहार विनाशुल्क आहेत. पुणे व नागपूर या नियमापुरती महानगरे नाहीत. त्यामुळे पुण्याहून मुंबईला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची सवलत दोन व्यवहारांनी घटते. शिल्लक पाहणे हाही या मोजणीत एक व्यवहारच धरला जातो. मर्यादेपलीकडील प्रत्येक व्यवहारास १ मे २०२५ पासून कमाल २३ रुपये व त्यावर कर आकारता येतो. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ही रक्कम २७ रुपये १४ पैसे होते. कोणी त्या वेळी केवळ २०० रुपये काढले, तर काढलेल्या रकमेच्या साडेतेरा टक्क्यांहून अधिक पैसे शुल्कातच गेले. थोडे थोडे पैसे काढून काटकसर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाच हा नियम सर्वाधिक महाग पडतो.

याशिवाय कार्डाचे वार्षिक शुल्क, हरवल्यास नवीन कार्डाचे शुल्क आणि काही बँकांत लघुसंदेशांचे शुल्क असते. खात्यात पुरेशी रक्कम नसताना एटीएममधून पैसे काढण्याचा प्रयत्न फसल्यास काही बँका त्याबद्दलही आकार घेतात. नाव सोनेरी वा प्लॅटिनम असलेली कार्डे विद्यार्थ्यांना आग्रहाने दिली जातात. विमानतळावरील विश्रामकक्षाची सवलत वर्षाकाठी दोनदा लाल परीने गावी जाणाऱ्याच्या काय कामाची, असा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बँकेकडून साधे रुपे कार्ड मागून घेता येते.

वर्गणीचे व्यवहार हा खर्चाचा अलीकडील प्रकार आहे. चित्रपट, संगीत किंवा अभ्यासक्रम पुरवणाऱ्या सेवा पहिला महिना मोफत देतात व त्यासाठी कार्डाची माहिती घेतात; पुढे दरमहा रक्कम आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा वजावटीची पूर्वसूचना किमान चोवीस तास आधी देणे बंधनकारक आहे आणि संमती रद्द करण्याची सोयही आहे. सूचना येते, पण ती वाचली जात नाही, ही अडचण नियमाने सुटत नाही.

एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाल्यास बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपणहून परत जमा करावेत आणि उशीर झाल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी, असा इ.स. २०१९ चा नियम आहे. यासाठी यंत्राची पावती किंवा निदान व्यवहाराची वेळ व ठिकाण टिपून ठेवणे उपयुक्त ठरते.

== फसवणूक आणि दायित्व ==

जानेवारी २०२० मधील परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे ठरवले की, नवीन कार्ड देताना ते देशांतर्गत एटीएम व दुकानातील यंत्रे यांपुरतेच सुरू असावे. आंतरजालावरील, परदेशातील व स्पर्शविरहित व्यवहार खातेदाराने मागितल्यासच सुरू करावेत. हे व्यवहार हवे तेव्हा बंद-चालू करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये असते. तिचा वापर फार थोडे विद्यार्थी करतात. वस्तुतः परदेशी व्यवहार बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे, कारण अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न विचारता केवळ क्रमांक, मुदत व सीव्हीव्ही यांवर व्यवहार पुरा होतो. त्याचप्रमाणे स्पर्शविरहित पद्धतीत ५,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही. मेसमध्ये विसरलेले कार्ड कोणाच्या हाती पडल्यास ही सोय त्याच्या कामी येते. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार संकेतस्थळांना कार्डाचा खरा क्रमांक साठवण्यास मनाई असून त्याऐवजी सांकेतिक टोकन वापरले जाते.

पैसे गेल्यास नुकसान कोणी सोसावे, याचे उत्तर ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर कोणताही भार नाही. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, म्हणजे यंत्रणेत अन्यत्र दोष आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास त्याचे दायित्व मर्यादित राहते; मूलभूत बचत खात्यासाठी ही मर्यादा ५,००० रुपये, तर सर्वसाधारण बचत खात्यासाठी १०,००० रुपये आहे. त्यानंतर बँकेचे धोरण लागू होते. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. परंतु ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. कळवल्यानंतर झालेले नुकसान मात्र बँकेचे. म्हणूनच अशा प्रसंगी मित्रांशी चर्चा करण्यात रात्र घालवण्यापेक्षा कार्ड प्रथम बंद करणे, बँकेकडून तक्रार क्रमांक घेणे आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवणे आवश्यक ठरते. बँकेने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

ग्रामीण विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक विशेष अडचण दिसते. खाते उघडताना वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा मोबाइल क्रमांक दिलेला असतो. परिणामी ओटीपी गावी जातो आणि कार्ड शहरात असते. प्रत्येक व्यवहाराला घरी दूरध्वनी करून 'आलेला आकडा' विचारावा लागतो. यातून वडिलांना फोनवर ओटीपी सांगण्याची सवय लागते. मग एखाद्या दिवशी बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्या अनोळखी माणसालाही ते तितक्याच सहजपणे तो सांगतात. शिवाय पैसे वजा झाल्याचा संदेश शेतात असलेल्या माणसाने संध्याकाळी पाहिला, तोवर मोलाचे तास गेलेले असतात. शाखेत अर्ज देऊन विद्यार्थ्याचा स्वतःचा क्रमांक नोंदवणे हा यावरील साधा उपाय आहे.

== कार्ड दुसऱ्याच्या हाती देणे ==

डेबिट कार्ड हस्तांतरणीय नसते. 'जरा पाचशे काढून आण' म्हणून मित्राला कार्ड व पिन देणे वसतिगृहात सर्रास चालते आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. बंगळुरू येथील एका ग्राहक मंचासमोरील प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पत्नीचे कार्ड घेऊन पती एटीएममध्ये गेला, यंत्रातून पैसे आले नाहीत, पण २५,००० रुपये खात्यातून वजा झाले. खातेदाराने पिन दुसऱ्याला दिला, या कारणावरून मंचाने इ.स. २०१८ मध्ये पत्नीची तक्रार फेटाळली. पती-पत्नीत जे मान्य झाले नाही, ते खोलीतील सोबत्याच्या बाबतीत मान्य होण्याची आशा धरता येत नाही.

याहून गंभीर प्रकार म्हणजे खाते भाड्याने देणे. फसवणुकीतून मिळालेले पैसे फिरवण्यासाठी गुन्हेगारांना इतरांच्या नावावरील खाती लागतात. अशा खात्यांना 'म्यूल' म्हणजे ओझे वाहणारी खाती म्हणतात. काही हजार रुपये देऊन विद्यार्थ्याकडून खातेपुस्तक, डेबिट कार्ड व त्याच्या नावावरील सिमकार्ड घेतले जाते. घरबसल्या काम, गेमिंगचे पैसे, करबचत अशी कारणे सांगितली जातात. तक्रार झाल्यावर पोलिसांचा माग प्रथम त्या खात्याच्या मालकापर्यंत पोहोचतो. खाते गोठते, त्यातील शिष्यवृत्तीही अडकते आणि मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखालील चौकशीपर्यंत मजल जाऊ शकते. 'मला ठाऊक नव्हते' हा बचाव, मोबदला घेतल्याचे दिसून आल्यावर, टिकणे कठीण असते. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर ही संगणकीय प्रणाली तयार केली आहे. डेबिट कार्डाशी संबंधित धोक्यांपैकी विद्यार्थ्याच्या नोकरीवर आणि पारपत्रावर परिणाम करू शकणारा धोका हाच होय. वार्षिक शुल्कावर जितकी चर्चा होते, तितकी याची होत नाही.

== यूपीआयच्या काळातील स्थान ==

चहाचे दहा रुपयेही मोबाइलवरून दिले जात असताना डेबिट कार्डाची गरज उरली आहे काय, असा प्रश्न विचारला जातो. यूपीआयला व्यक्तिगत वापरासाठी शुल्क नाही, यंत्राची गरज नाही आणि मित्रांत खर्च वाटून घेणे सोपे आहे. तरीही यूपीआयचा पिन प्रथम ठरवताना बहुधा डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक व मुदत विचारली जाते. आधारवर आधारित पर्याय त्यानंतर आला. मोबाइल हरवला तर यूपीआय, सिमकार्ड व ओटीपी ही तिन्ही साधने एकाच वेळी जातात. अशा दिवशी एटीएममधून पैसे काढून घरी जाण्याचा मार्ग कार्डानेच मोकळा राहतो. यासाठी कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवण्याची पद्धत सोयीची वाटली तरी हेतूच्या विरुद्ध आहे.

मोठ्या खरेदीत, उदाहरणार्थ लॅपटॉप घेताना, काही वेळा ठरावीक बँकेच्या डेबिट कार्डावर सवलत असते. काही बँका डेबिट कार्डावर हप्त्यांची सोयही देतात. ही सोय म्हणजे कर्जच असून तेथे डेबिट कार्डाचा 'खात्यात असेल तेवढेच' हा मूळ गुण संपतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी भारतीय डेबिट कार्ड हे नित्य वापराचे साधन नव्हे. परकीय चलनातील व्यवहारावर बँका साधारणतः दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावतात आणि एटीएमचे शुल्क त्याखेरीज असते. परदेशी दुकानातील यंत्र 'रुपयांत द्यायचे का' असे विचारते, तेव्हा होकार दिल्यास विनिमयाचा दर बहुधा अधिक महाग पडतो. तेथील बँकेत खाते उघडेपर्यंत विद्यार्थी सहसा आगाऊ पैसे भरलेले विदेशी चलन कार्ड वापरतात आणि भारतीय डेबिट कार्ड अडीअडचणीसाठी सोबत ठेवतात. मात्र त्यावरील परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे लागतात, कारण ओटीपी येणारा भारतीय मोबाइल क्रमांक तेथे चालू असेलच असे नाही.